माझ्या पायडलावर दुसऱ्याचा पाय

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. रंगाने काळी, पायाने चालणारी आणि, मित्रांनो, तुमच्यापासून काय लपवू, स्वभावाने जरा संशयी. त्यात माझा दोष नाही. ज्या घरात मी तीस वर्षं काढली, तिथे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक कापड देताना दोनदा मोजायचं आणि शिवलेला कपडा नेताना उरलेल्या चिंध्याही मागायचं. वाण नाही पण गुण लागला, दुसरं काय!

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. मालकीणबाईंच्या पायांचा पहिला स्पर्श मात्र लख्ख आठवतो. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता त्यांना. मला खिडकीपाशी ठेवून त्यांनी पहिल्याच दिवशी नियम केला, "माझ्या पायडलावर दुसऱ्या कुणाचा पाय पडायचा नाही. चाल बिघडते."

नवरा बसचा ड्रायव्हर. तो हसून म्हणाला, "बरोबर आहे. माझ्या ब्रेकवर तरी मी कुणाला पाय ठेवू देतो?"

तीस वर्षं तो नियम कुणी मोडला नाही. आम्ही दोघींनी मिळून शाळेचे गणवेश शिवले, दवाखान्याचे पडदे शिवले, आणि एका जाडजूड वकिलाचा काळा कोट दर दोन वर्षांनी उसवून सैल केला. "टाका बघा, जसे मोती ओवलेत," असं कुणी म्हटलं की मालकीणबाई माझ्या डोक्यावर हलकेच थोपटायच्या. काय दिवस होते ते!

मग एका सकाळी त्यांचा पाय पायडलावर पडला आणि मला शंका आली. तळवा जड होता, जणू वाळूची पिशवी ठेवली.

"अहो, पायाला मुंग्या आल्यात."

"बसून बसून येतात. जरा फिरून ये."

तिसऱ्या दिवशी स्टुलावरून उठताना त्या खाली कोसळल्या. चौथ्या दिवशी हातातली कात्री गळून पडली. संध्याकाळी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. वकिलाच्या कोटाची अर्धी बाही माझ्या सुईखाली तशीच राहिली.

घरी नणंद आली. ड्रायव्हरसाहेब तिला सांगत होते, "श्वाससुद्धा यंत्रावर चाललाय. लाखात एखाद्याला होतो म्हणे हा आजार. अंगात रोगाशी लढणारे पहारेकरी असतात ना, तेच बिथरले. आपल्याच नसांना चोर समजून झोडपायला लागले."

"मग वहिनी उठणार का, दादा?"

"उठेल म्हणतात. पण वेळ लागेल. पाय सगळ्यात शेवटी."

म्हणजे हे संशयाचंच दुखणं! ते ऐकून मलासुद्धा लाज वाटली. पण ती फार टिकली नाही. कारण त्याच रविवारी साहेब एक डबा घेऊन आले आणि माझ्या पायडलाच्या सांध्यांत, चाकाच्या आसात बोटांनी काहीतरी पिवळं, चिकट भरू लागले. पुढच्या रविवारी पुन्हा. कधी नव्हे ते माझं एवढं कौतुक? बाजारात न्यायच्या आदल्या दिवशीच गुरं घासूनपुसून काढतात, हे मला ठाऊक होतं. त्यात नणंद म्हणाली, "दादा, कशाला ही अडगळ? इथे वहिनीची खाट लावू." साहेब काही बोलले नाहीत. त्या गप्प बसण्याचा मला फार संशय आला.

तीन महिन्यांनी मालकीणबाई घरी आल्या, चाकांच्या खुर्चीतून. आधी श्वास परतला होता, मग हात. बोटांत सुई धरता येऊ लागली. पाय मात्र ढिम्म. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. मला पाहून त्यांचे डोळे चमकले. "हिच्यावरच पाय ठेवूया. पट्टा काढा, म्हणजे पायडल हलकं जाईल. आधी मी चालवून बघते."

"नाही हं," मालकीणबाई ताडकन म्हणाल्या. "पाय फक्त माझे."

पट्टा निघाला. पाय ठेवले. कपाळावर घाम आला. पायडल तसूभर हललं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशीही नाही.

"अंथरुणात तुमची बोटं हलतात, मी रोज बघते," व्यायामाच्या बाई म्हणाल्या.

"खोटं! तुम्ही सगळे मिळून मला झुलवताय. अहो, तुम्हीसुद्धा! माझे पाय गेलेत, हे तोंडावर सांगायची हिंमत नाही कुणाची." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "विकून टाका हिला. आणि तो व्यायामही पुरे आता."

मला सगळं कळत होतं, मित्रांनो. त्यांच्या तळव्यातला जोर रोज कणाकणाने वाढत होता. पण सांगणार कशी? मला जीभ कुठे आहे!

दोन दिवसांनी पलीकडच्या गल्लीतला शिंपी मला बघायला आला. त्याला कुठला आलाय नियम! त्याने चप्पल काढली आणि बिनदिक्कत पायडल दाबलं. मग दोन्ही पायांनी दाबलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ही तर जाम आहे. फुकट दिलीत तरी नको."

साहेबांनी मान खाली घातली. खुर्चीतून आवाज आला, "काय म्हणालात? पुन्हा बोला."

"राग मानू नका, पण मशीन जाम आहे, बाई."

"पुन्हा बोला हो!"

शिंपी गांगरला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नापसंती इतक्या आनंदाने ऐकत होतं. मालकीणबाईंनी वाकून माझ्या सांध्यावरून बोट फिरवलं, वास घेतला आणि डोळे बारीक केले.

"अहो, इकडे या. हिला काय घातलंत?"

"ग्रीस," साहेब पुटपुटले. "डेपोतलं. भारीतलं आहे. तू येईपर्यंत गंजू नये म्हणून. दर रविवारी."

"बसचं ग्रीस? माझ्या मशीनला? आणि एकदा दाबून नाही बघितलंत?"

"तूच म्हणाली होतीस ना, दुसऱ्याचा पाय नको म्हणून."

तीन महिन्यांचं ग्रीस आणि कापडाची धूळ मिळून सांध्यांत नुसता डिंक झाला होता. साहेबांनी रॉकेल आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन दोन तास मला घासलं. मग मशीनच्या तेलाचे मोजून चार थेंब. मालकीणबाईंनी पाय ठेवले. डोळे मिटले. पायडल बोटभर खाली गेलं आणि वर आलं.

नणंदेने खाट गुपचूप दुसऱ्या भिंतीकडे सरकवली.

वकिलाची बाही पुढच्या वर्षी पूर्ण झाली. तोवर कोट पुन्हा घट्ट झाला होता, ते सोडा.

मित्रांनो, मशीनला मशीनचंच तेल घाला, आणि थेंबभरच. आणि एखादी वस्तू किंवा एखादं माणूस हलत नाही, म्हणून ते संपलं असं ठरवू नका. आधी कुठे काय अडकलंय, ते बघा.

आजही रविवारी साहेब माझ्या जवळून गेले की माझं चाक शहारतं. पण मालकीणबाई शिवणावरून मान वर न करताच म्हणतात, "अहो, दोन्ही हात दाखवा."

ते हात पुढे करतात. मी नीट बघते. मगच पुढचा टाका घालते.