ठुमकीची सावली

लेकीने बटण दाबलं आणि भिंतीवर चाललेल्या कार्टूनमधली कोंबडी एक पाय उचलून जागच्या जागी थांबली. तिच्या मागे आचारी, हातात सुरा, तोंड वासलेलं, आणि पोट त्याच्याही पुढे धावत सुटलेलं.

"हे बघ," लेक म्हणाली. "इथे सगळं सभागृह हसणार. इथेच मी थांबवणार आणि विचारणार, नेमकं कशाला हसलात?"

आई समोरच्या खुर्चीत बटाटे सोलत बसली होती. सुरी नेहमीसारखी डाव्या हातात, साल न तुटता लांबत चाललेली. "विचार की," ती म्हणाली. "तिथे चहा आधी देणार आहेत का नंतर?"

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी आपण भर सभेत वडिलांचं वस्त्रहरण करणार, हे या बाईला आठवडाभर सांगतोय, आणि हिला पडलंय चहाचं!

सोहळा वडिलांच्या कार्टूनचाच होता. वडील गेल्यानंतरचा पहिला. त्यांनी आयुष्यात बरंच काही केलं, पण लोकांच्या लक्षात राहिली ती ही एक कोंबडी, ठुमकी. तिचा डावा पाय आखूड होता. ती चालली की पोरं खुर्चीवरून पडायची आणि त्यांचे आजोबाही डोळे पुसायचे. चित्रकाराच्या मुलीचा डावा पायही तान्हेपणीच्या आजारात आखूड राहिला होता, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. शाळेला मात्र पक्कं ठाऊक होतं. तिथे तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं.

आता ती कलाशाळेत चित्रं हलवायला शिकवत होती. म्हणून संयोजकांनी तिलाच सांगितलं, या कार्टूनची गोष्ट आणि चित्रशैली जरा उलगडून दाखवा. त्यांना स्तुतिसुमनं हवी होती. तिने एका पायावर होकार दिला होता. ही कोटीही तिचीच, आणि संयोजकाला हसावं की नाही ते कळलं नव्हतं.

सकाळीच त्याचा पुन्हा फोन येऊन गेला होता. "मॅडम, थोडं हलकंफुलकं ठेवा हं. लोक मुलाबाळांना घेऊन येणार आहेत."

"ठेवते की," ती म्हणाली होती, आणि फोन आपटला होता.

तिने पुन्हा बटण दाबलं. कोंबडी चालू लागली. लेक भिंतीशी उभं राहून सभेत बोलावं तसं बोलू लागली.

"गोष्ट एवढीशी. आचाऱ्याला कोंबडी हवी, कोंबडीला जीव. तो पाठलाग करतो आणि दर वेळी त्याचंच त्याच्यावर उलटतं. पडण्याआधी तो क्षणभर हवेत थांबतो, आपल्याकडे बघतो, मग पडतो. हसू त्या थांबण्यात आहे. इथवर दोष काढायला जागा नाही, नमुनेदार काम. पण लोकांना आचाऱ्याचं हसू यायला त्याला पडावं लागतं. कोंबडी नुसती चालली तरी लोक हसतात. पावलापावलाला. तिने काहीही केलेलं नसताना."

ती घोटभर पाणी प्यायली आणि आईकडे वळली.

"बाबांना हे कळत नव्हतं असं म्हणू नकोस."

"मी कुठे काय म्हणाले?"

तेही खरंच. आई कधीच काही म्हणायची नाही. शाळेतून रडत आलं की डोळे पुसायची आणि म्हणायची, तुझे बाबा तसेच. मग मोठी झाल्यावर लेकीने बाबांशी बोलणंच टाकलं. शेवटच्या आजारात एकदा त्यांच्या उशाशी बसून तिने विचारलं होतं, माझाच पाय का? ते म्हणाले, आईला विचार. तिला हसूच आलं होतं. ताप आला, आईला विचार. बूट फाटले, आईला विचार. मरतानाही माणसाने तेच सांगावं!

सभेत दाखवायला एखादं चित्र हवं म्हणून ती आता कोंबडीची चाल एकेक चित्र पुढे सरकवत पाहू लागली. पाऊल टेकण्याआधी खांदा वर जात होता. मान उलट्या बाजूला झुकत होती. आणि आखूड पायाचं बोट जमिनीला आधी हळूच लागून खात्री करून घेत होतं, मगच भार पडत होता.

तिने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. लंगडणं कुणीही काढेल, पण हे बोट तिचं होतं. बोटापर्यंत यायचं तर ही चाल कुणीतरी रोज, मागून, लक्ष देऊन पाहिलेली असायला हवी. वडील ती उठायच्या आत स्टुडिओत जायचे आणि ती झोपल्यावर परत यायचे. ते तिच्यासोबत चालल्याचं तिला एकदाही आठवेना.

मग तिचं लक्ष सावल्यांकडे गेलं. सावल्या बारीक तिरप्या रेघांनी भरल्या होत्या. आचाऱ्याच्या सावलीतल्या रेघा उजवीकडे कललेल्या. कोंबडीच्या सावलीतल्या डावीकडे. एकाच चित्रात, शेजारी शेजारी. ती मागे गेली, पुढे गेली. सगळीकडे तेच. रेघ हाताची चुगली करते, उजव्या हाताची उजवीकडे कलते, डाव्याची डावीकडे, हे ती दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्याच तासाला सांगत असे.

काखेत कळसा म्हणतात तो असा. तिने वळून सुरी धरलेल्या हाताकडे पाहिलं.

"कोंबडी कुणी काढलीय?"

साल तुटली.

"नाव आहे की पडद्यावर."

"आई."

"आचारी त्यांनी काढला," आई म्हणाली. "कोंबडी त्यांना जमेना. नुसती उड्या मारायची, जीवच नव्हता तिच्यात. मग मी काढली. तू शाळेत असायचीस तेव्हा."

"माझा पाय लावून."

"मला दुसरी कुठली चाल येत होती? रोज तुझ्या मागून तर चालायचे."

"लोक हसतील हे माहीत नव्हतं तुला?"

"हसावं म्हणूनच काढली. त्याआधी रस्त्यात तुला बघून सगळे हळहळायचे. बिचारी, बिचारी. माझे कान किटले होते. आणि ती कोंबडी एकदाही हाती लागत नाही, ते नाही दिसलं तुला?"

"मला विचारलंस?"

आईने पुढचा बटाटा उचलला.

"एवढी वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही," लेक ओरडली. "तू बघत होतीस. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, आणि तू दोर धरून उभी होतीस!"

"संन्यासी नव्हते ते." आईने सुरी ताटात टाकली. इतका धारदार आवाज लेकीने या घरात कधी ऐकला नव्हता. "पडद्यावर एकट्याचं नाव. बक्षीस घ्यायला एकटे. घरी येऊन मला म्हणाले, पुढच्या वेळी बघू. म्हटलं, ठीक आहे. नाव तुमचं लागलंय ना, मग शिव्याही तुमच्याच नावावर लागू देत."

"आणि त्यांनी ऐकून घेतल्या?"

"नाही कशा घेतील? हात झटकायचे तर आधी कबूल करावं लागलं असतं, कोंबडी माझी नाही म्हणून."

भिंतीवर कोंबडी एक पाय उचलून उभी होती. लेकीला दोघांचाही सारखाच राग आला, आणि त्यातला एक आता ऐकायलाही उरला नव्हता.

"संध्याकाळी तू पुढच्या रांगेत बसायचं नाहीस," ती म्हणाली. "माझ्याबरोबर वर यायचं. नाव लावते तुझं, सगळ्यांसमोर."

"नको गं आता."

"लावणार. शिव्यांसकट."

ती तरातरा पडदा उघडायला खिडकीकडे निघाली. खोलीत तिच्या पावलांचा आवाज झाला, एक जड, एक हलका. खिडकीशी पोचून तिने वळून पाहिलं. आईची नजर तिच्या पायांवर होती, आणि मांडीवर डाव्या हाताचं बोट रेघ ओढल्यासारखं हलत होतं.

"आई, पुरे."

बोट थांबलं नाही.