दुधातला थालर

मी थालर, म्हणजे एक जुने चांदीचे नाणे आहे. मी हरवल्याचे घरात कळले, त्या दिवशी मी तळघरात दुधाच्या मडक्यात निवांत पडून होतो.

मित्रांनो, मी ऐरागैरा नाही. म्युनिकच्या टाकसाळीत माझ्यावर बाळाला घेतलेली मरियम माता उमटली. बाजारात मला कोणी वाजवून पाहत नसे, बघूनच घेत. पुढे माझी मालकीण क्रेझेन्झ हिच्या आईने मला कडी लावून चोळीवरच्या साखळीत अडकवले. आम्ही सात थालर, मधला मी. सणाला क्रेझेन्झ चर्चमध्ये निघाली की तिच्याआधी आमचा आवाज पोचायचा.

उन्हाळ्यात मात्र ती मला काढून दुधात टाकायची. चांदी असली की दूध नासत नाही, असे आमच्याकडे मानतात. दागिना दुधात घातला म्हणून नवरा ओरडेल, म्हणून तिने कोणाला सांगितले नव्हते.

यंदा गवतकापणीत ती दोन दिवसांच्या तापाने गेली. मडक्याकडे कोणी फिरकले नाही. ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिचा नवरा कोर्बिनिआन याने लेकीच्या लग्नासाठी दागिन्यांच्या पेटीतून साखळी काढली, तर मधली जागा रिकामी!

क्रेझेन्झला शेवटची अंघोळ शेजारच्या वाल्बुर्गाने घातली होती. तो तडक तिच्या दारात गेला.

"पेटीजवळ तूच होतीस."

"कोर्बिनिआन, तुझ्या बायकोला मी न्हाऊ घातलं, लुटलं नाही! हा घे माझा एप्रन, झाडून बघ. त्यात तुझी अक्कल सापडली तर तीही घेऊन जा!"

सारा गाव ऐकत होता. मला ओरडावेसे वाटले. पण नाणे आपणहून वाजत नाही.

दुसऱ्या दिवशी दूध नासले. तोवर पाच दिवस ते मीच टिकवले होते, हे विसरू नका. लेक आफ्रा ते डुकरांच्या डोणीत ओतायला गेली आणि मी खणकन पडलो.

"बाबा, आईनं थालर दुधात ठेवला होता!"

कोर्बिनिआनने मला सदऱ्याला पुसले. बराच वेळ तो मला मुठीत धरून बसला.

"वेडी माझी बाई. मला सांगायचं तरी."

"तुम्ही ओरडला असता. आता आधी वाल्बुर्गाकाकूंकडे जा."

"जातो की. उद्या."

आता मी आफ्राच्या साखळीत मधोमध चमकतो. मित्रांनो, आम्हांला जपा. पण आम्ही हरवलो, तर आधी घरातली मडकी बघा, मग शेजारची माणसे.

आफ्राच्या लग्नाला वाल्बुर्गा आली नाही. कोर्बिनिआन हल्ली चर्चला मागच्या वाटेने जातो. तिची माफी मागायची अजून राहिली आहे.