बघून घेईन

भाऊजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. घरी भाऊजी, ऑफिसात साहेब, आणि गेले आठ महिने मी मनातल्या मनात त्यांना जे म्हणत होते ते लिहिण्यासारखं नाही. ते लसभांडाराच्या संगणक विभागाचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली नेटवर्क सांभाळायचे. म्हणजे दिवसभर एका पडद्यावर नजर ठेवायची: कुठलं यंत्र चालू, कुठलं बंद, कुठल्या फ्रीजचं तापमान किती. काही बिघडलं की सॉफ्टवेअर फोनवर अलर्ट पाठवतं आणि आम्ही धावतो.

आठ महिन्यांपूर्वी एका रविवारी तीन नंबरचा फ्रीज दुपारी बंद पडला आणि संध्याकाळी आपोआप चालू झाला. फोन वाजलाच नाही. सोमवारी सकाळी तापमानाचा आलेख बघितला तेव्हा कळलं की आतल्या लसी सहा तास कोमट होत्या. सगळ्या फेकाव्या लागल्या. भाऊजींनी त्याच दिवशी अहवाल लिहिला: अलर्ट आला होता, संबंधित महिला कर्मचाऱ्याने कानाडोळा केला. मी माझा फोन दाखवला, त्यात काहीच नव्हतं. पुसला असेल, म्हणाले. दुपारी माझं लॉगिन बंद झालं आणि मला टपालाच्या टेबलावर बसवलं. तान्ह्या मुलांच्या लसी वाया घालवणारी बाई, ही माझी ओळख झाली. सासूबाईंना जावयाला काही बोलता येईना, म्हणून त्यांनी माझ्याशीच बोलणं कमी केलं. नवरा म्हणाला, जाऊ दे ना, घरचाच माणूस आहे. घरच्या माणसाने खापर फोडलं म्हणून ते कमी लागतं का? मी कोणाशी भांडले नाही. मनात एवढंच म्हणाले, बघून घेईन.

माझ्यामागे भाऊजींनी त्या सॉफ्टवेअरला स्वतः हात घातला आणि त्याचं पार वाटोळं केलं. दिवसाला चारशे अलर्ट. नेटवर्कचा एक स्विच, म्हणजे यंत्रं जोडणारी पेटी, बंद पडला की त्याच्यामागचे कॅमेरे, प्रिंटर, फ्रीज सगळे मिळून बोंबलायचे. लोक ते वाचेनासे झाले. नव्या संचालिकांना तर पहिल्याच बैठकीत एकोणीस वेळा कळवण्यात आलं की तळमजल्यावरच्या प्रिंटरचा कागद संपलाय. त्यांनी भाऊजींना आठवडाभराची मुदत दिली.

गुरुवारी संध्याकाळी भाऊजी नाक मुठीत धरून आमच्या घरी आले.

"वहिनी, तेवढं जरा बघाल का?" ते म्हणाले. "शेवटी घरचंच काम आहे."

"बघते ना, भाऊजी."

त्यांचा जीव भांड्यात पडला. बघते या शब्दात काय काय मावतं, ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला माझं लॉगिन पुन्हा चालू करून घेऊन मी सर्व्हरच्या खोलीत बसले. कोणाच्या मागे कोण जोडलंय ते आधी सॉफ्टवेअरला समजावलं. वरचा स्विच बंद असेल तर फक्त त्याच्याबद्दल कळव, खालच्यांची रड ऐकवू नकोस. एकदा उत्तर आलं नाही म्हणून लगेच गेला समजू नकोस, तीनदा हाक मार, मग सांग. प्रिंटरची गाऱ्हाणी संचालिकांकडे नेऊ नकोस. दुपारपर्यंत चारशेचे अकरा झाले, आणि अकराही खरे. हात इतक्या महिन्यांनी कामाला लागले होते, बरं वाटत होतं.

चार वाजता मी लसभांडाराच्या सेटिंगपाशी आले. दुरुस्तीच्या वेळी उगाच फोन वाजू नयेत म्हणून अलर्ट ठरावीक तास बंद ठेवता येतात, त्यांची एक यादी असते. त्या यादीत एक ओळ होती. लसभांडार, रविवार, सकाळी आठ ते रात्री आठ, कारण रंगकाम. पुढे 'दर आठवड्याला' असा चौकोन आणि त्यात टिक. लॉगिन भाऊजींचं. रंगकाम एकाच रविवारी झालं होतं, फ्रीज बंद पडण्याच्या दोन आठवडे आधी. टिक मात्र अजून जागच्या जागी होती.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला सांगू. मग मी त्या ओळीचा इतिहास उघडला आणि हसू मावळलं. भाऊजींनी ती ओळ तयार केली होती, ठीक. खाली आणखी एक नोंद होती: 'पाहिले', पुन्हा त्यांचंच लॉगिन, तारीख त्या सोमवारची, सकाळी दहा वीस. म्हणजे चूक त्यांना त्याच दिवशी सापडली होती. टिक काढली तर कोणी काढली ते नोंदलं जाणार, म्हणून ती तशीच ठेवून ते अहवाल लिहायला बसले. नुसतं उघडून बघितलं तरी नोंद होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आठ महिने, दर रविवारी बारा तास, लसी वाऱ्यावर सोडल्या होत्या. आणि आता मला बोलावलं ते कशाला? वहिनी साफसफाईच्या ओघात तेही काढून टाकेल, आणि नाव वहिनीचं लागेल.

टिक काढायला एक सेकंद लागला असता. मी माउस तिथपर्यंत नेला आणि थांबले. कागद छापून नेला तर भाऊजी हात वर करतील, म्हणतील हिनेच आज काहीतरी केलं. शिवाय मला कागद नकोच होता. मला त्यांचा चेहरा हवा होता, साक्षीदारासमोर. मी संचालिकांना फोन करून सांगितलं की काम झालंय, रविवारी दहा वाजता तुमच्यासमोर चाचणी घेऊ, साहेबही असू देत. भाऊजींनी रविवारऐवजी सोमवार करा म्हणून बरीच खटपट केली. संचालिकांना सोमवारी वेळ नव्हता.

रविवारी आम्ही तिघंच होतो. तिघांचे फोन टेबलावर ठेवले. तीन नंबरच्या फ्रीजचा तापमापक काढून मी गरम पाण्याच्या पेल्यात सोडला. आठ अंशांच्या वर आकडा गेला की फोन वाजायला हवा. पडद्यावर बारा झाले, वीस झाले, चौतीस झाले. फोन गप्प होते. भाऊजी घामाघूम.

असं का, संचालिकांनी विचारलं. मी म्हणाले, बंद ठेवलेल्या अलर्टची यादी साहेबांनीच उघडून दाखवावी. त्यांनी उघडली. संचालिकांनी ती ओळ दोनदा वाचली.

"मॅडम, हे माझ्या नजरेतून सुटलं," भाऊजी म्हणाले. "आज पहिल्यांदाच बघतोय."

मी इतिहास उघडला आणि 'पाहिले'वर बोट ठेवलं. तारीख मोठ्याने वाचली. अहवाल याच तारखेचा ना, असं गोड आवाजात विचारलंही. भाऊजींनी माझ्याकडे बघून हळूच "वहिनी" म्हटलं. त्या एका क्षणासाठी मी आठ महिने टपालावर शिक्के मारले होते. मी तो घाईने संपू दिला नाही.

संचालिकांचं बोट मात्र एक ओळ खाली गेलं होतं. 'पाहिले', शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं.

"हे लॉगिन तुमचं?"

"हो."

"म्हणजे परवाच सापडलं होतं. मग आज आठपासून दहापर्यंत इथे लक्ष कोणाचं होतं?"

आठ वाजता मी घरी आरशासमोर उभी होते. मोठा दिवस, म्हणून चांगले कपडे इस्त्री करून घातले होते.

"कोणाचंच नाही, मॅडम," मी म्हणाले.

त्यांनी स्वतः टिक काढली. पेल्यातलं पाणी अजून गरमच होतं. तिन्ही फोन एकदम वाजायला लागले.

पंधरा दिवसांनी पत्रं आली. भाऊजी निलंबित झाले. नणंद आमच्याकडे येईनाशी झाली. मला माझं टेबल परत मिळालं, आणि माझ्या पत्रात दोन ओळी होत्या. लसी वाया गेल्याचा जुना ठपका रद्द. दोष माहीत असून दोन दिवस न कळवल्याचा नवा ठपका कायम. नवऱ्याने पत्र वाचून विचारलं, काय मिळवलंस एवढं करून?

लाज वाटते, नाही असं नाही. त्या दोन तासांत खरंच एखादा फ्रीज बंद पडला असता तर, हे मनात येतं. पण जुना ठपका खोटा होता तेव्हा आठ महिने मला घास गोड लागला नव्हता. हा अक्षर न् अक्षर खरा आहे, आणि मी पोटभर जेवते.