वारा फिरायच्या आत

शिंपीणबाईंनी पहाटे दिवा लावला, तर सासरे आधीच बूट चढवून खुर्चीत बसलेले. डोळ्यांवर काळा चष्मा.

तो उन्हात घालायचा असतो, असं तिने सांगितल्यावर त्यांनी निमूटपणे काढून खिशात ठेवला.

म्हातारबाबांचा जन्म होड्या बांधण्यात गेला होता. मोतीबिंदूने नजर झाकोळत गेली, तरी ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना नेमकं दुसरं काही काम आठवायचं. शेवटची होडी तर त्यांनी जवळजवळ चाचपूनच पुरी केली. तिचं शीड सुनेने शिवलं. अखेर तिनेच त्यांना गोड बोलून दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळे नीट झाले, आणि आता पाण्यावर जायला हरकत नाही, असं डॉक्टर काल म्हणाले. पण रेडिओवर सांगत होते, उद्या दुपारनंतर वारा फिरेल, थंडीची लाट येईल. मग होड्या काठावर ओढून पालथ्या घालायच्या, त्या थेट हिवाळा सरेपर्यंत. मुलाने "पुढच्या मोसमात बघू" म्हणत विषय मिटवला. रात्री जेवणात म्हातारबाबांचं लक्ष नव्हतं. ते बघून सुनेने ताट उचलता उचलता हळूच सांगितलं होतं, पहाटे तयार राहा.

तळं गार पडलं होतं. ती वल्ही मारत होती आणि ते समोर बसून बघत होते. आधी पाणी, मग पलीकडची टेकडी, मग आपल्या त्या शेवटच्या होडीची एकेक फळी. एका फळीवर त्यांचा हात थांबला.

"ही तिरकी बसलीय."

"मला तेव्हाच दिसलं होतं, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या खुशीत होतात, म्हटलं राहू दे."

ते खदखदून हसले, होडी डुलायला लागली. तेवढ्यात टेकडीमागून ऊन वर आलं आणि थेट तिच्या तोंडावर पडलं. ते हसायचे थांबले.

"अगं, तुझे केस कधी पिकले?"

घरात आरसा होता, नवरा होता, कपडे शिवायला येणाऱ्या बायका होत्या; इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, पिकले हळूहळू, तुमच्या पाठोपाठच. त्यावर ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, सासऱ्याने सुनेकडे असं बघू नये हेही विसरून. मग म्हणाले, छान दिसतात.

रेडिओचा अंदाज चुकला. दुपार कुठली, न्याहारीच्या वेळेलाच पाणी काळवंडलं आणि वाऱ्याचा पहिला झोत होडीला आडवा लागला. म्हातारबाबांनी चटकन चष्मा चढवला, डोळ्यांत पाण्याचे तुषार जाऊ नयेत म्हणून. शीड उभारायला ते उठू लागले, पण तिने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. शीड तिने स्वतःच चढवलं. वारा काठाकडेच वाहत होता. दोर हाताला काचत होता, तरी कापड ताणलं जाताना आपली एकही शिवण उसवत नाही, हे बघून तिला बरं वाटलं. सासरे सवयीने सूचना द्यायला लागले, डावीकडे घे, सैल सोड. मग त्यांच्या लक्षात आलं की ती तेच करतेय, आणि त्यांनी नुसता होडीचा काठ धरून ठेवला.

नवरा धक्क्यावर उभा होता, घाईत उलटा घातलेला स्वेटर, चेहरा लाल. रागवायचं त्याने नक्कीच ठरवलं असणार. पण आधी दोर पकडायचा होता, मग वडिलांना उतरवायचं होतं, मग होडी वर ओढायची होती. तोवर पाऊस सुरू झाला. तिघंही चिंब झाले.

"मला का नाही उठवलंत?" एवढंच तो म्हणाला.

"तू नको म्हणाला असतास," म्हातारबाबा म्हणाले, आणि होडी पालथी घालायला तिघांनी हात लावला.