पंचफुलाबाईंची ऐकणारी सळई

मला कोपऱ्यात पाहून तुम्हाला वाटेल, ही तंबूची खुंटी असेल. पण मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे, आणि माझं काम होतं जमिनीखालचं ऐकणं. माझं एक टोक अणकुचीदार आहे. दुसऱ्या टोकाला कान टेकवायला सागवानाची वाटी आहे.

पुलगावच्या तानबा लोहाराने मला घडवलं ते शेजारच्या नाचणगावच्या पंचफुलाबाईंसाठी. त्यांचे यजमान श्रावण हे बंडूजी मुकादमाच्या हाताखाली खोदकाम करायचे. एकदा पुलगावात चर खोदताना त्यांची कुदळ पाण्याच्या मोठ्या नळावर बसली. नळ फुटला, चराची कड ढासळली आणि त्यांचा पाय कायमचा अधू झाला. "तिथं नळ हाये, हे कोनालेच मालूम नव्हतं," खाटेवर पडल्या पडल्या ते म्हणत राहायचे.

ते शब्द पंचफुलाबाईंना चैन पडू देईनात. सार्वजनिक नळावर पाणी भरताना त्यांच्या ध्यानात आलं होतं, की या गल्लीतल्या तोटीवर कोणी ठोकलं तर पलीकडच्या गल्लीतल्या तोटीतही आवाज येतो. मग मधल्या जमिनीखालूनही तो जात असणारच! त्यांनी हे तानबाला सांगितलं. त्याने एका मोडक्या पहारेतून मला ठोकून काढलं.

असा आमचा धंदा सुरू झाला. श्रावण काठी टेकत जायचे आणि तोटीशी बसून दगडाने ठोके द्यायचे. बाई मला जमिनीत रोवून, वाटीला कान लावून पुढे पुढे सरकायच्या. आवाज सर्वांत स्पष्ट येई तिथे चुन्याची रेघ ओढायच्या. दारावर पत्र्याची पाटी लागली, 'खोदण्याआधी जमिनीखालचा नळ शोधून देऊ'. लोक हसले. "बाई जमिनीची नाडी पाहून राह्यली!" म्हणाले. बरेच दिवस कोणी फिरकलं नाही. मग कापडवाले हिरालाल आले, त्यांना कुंपणाची भिंत बांधायची होती. बाईंच्या रेघेवर अलगद उकरलं, तर खाली नळ. हिरालाल इतके खूश झाले, की दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला कापडाआधी आमचीच गोष्ट सांगू लागले.

आमची खरी परीक्षा झाली ती बाजाराजवळच्या कामावर. खोल चरात माणसं उतरली होती. बंडूजींनी सहज म्हणून बाईंना बोलावलं होतं. ठोका द्यायच्या आधीच माझ्यातून एक सळसळ वर आली. बाईंचा चेहरा पालटला.

"बंडूजी, माणसं वर काढा! या कडेच्या मांगं पाणी झिरपून राह्यलं."

"बाई, नळ तं तिकडं दूर सांगतला हाये. काम थांबलं तं मालक मले सोडन का?"

बाई वाद घालत बसल्या नाहीत. पदर खोचून त्या चरात उतरल्या आणि कडेला टेकून बसल्या. "मंग मी बी इथंच बसते. माह्या घरी एकाचा पाय गेला, तेवढा बस झाला."

बंडूजी पांढरेफटक पडले. श्रावणला चिखलातून त्यांनीच उचलून आणलं होतं. "वर या रे सारे!" ते ओरडले आणि बाईंना स्वतः हात देऊन वर ओढलं. शेवटचा माणूस वर आला न आला, तोच ती कड धाडकन कोसळली. पाण्याचा लोंढा सुटला. घमेली, कुदळी सगळं गाडलं गेलं. माणूस मात्र एकही नाही.

बंडूजी तिथेच मातीत बसले. मग म्हणाले, "पंचफुलाबाई, आता पहिले तुमी येजा. मंगच माह्ये माणसं उतरतीन."

त्यानंतर हिंगणघाट, आर्वी, कुठून कुठून बोलावणी आली. बाई वाटीवरून कान उचलून मान हलवायच्या, मगच कुदळी उठायच्या. तसा मान मी पुन्हा कुणाला मिळालेला पाहिला नाही. पुढे यंत्रं आली. बाईंचे कानही थकले. मी कोपऱ्यात गंजत उभी राहिले, तरी माझी तक्रार नाही.

एवढंच सांगते, मित्रांनो. घरासाठी असो की झाडासाठी, जमीन खोदण्याआधी खाली काय आहे ते विचारून घ्या. आणि खड्ड्यात उतरलेल्या माणसाला घाई करू नका. वर उभ्या असलेल्यांची घाई खाली उतरलेल्याच्या अंगावर पडते.