कूलरच्या पायाखालची डिक्शनरी

मित्रांनो, मी एक जुनी इंग्रजी डिक्शनरी हाय. रत्नानं मला कॉलेजसाठी ओतूरच्या दुकानातनं आणलं, तवा माझा लई मान व्हता. नवा शब्द आला की ती त्याच्याखालचं उदाहरणाचं वाक्यबी वाचायची. पुढं ती लग्न होऊन गेली आन् तिच्या भावानं, गोकुळनं, मला डुगडुगणाऱ्या कूलरच्या पायाखाली सारलं. वरून पाणी गळतंय, पाठ भिजती, पर सांगायचं कुणाला?

औंदा गोकुळची बराख, म्हंजे कांदा साठवायची चाळ, गच्च भरलेली. चेन्नईचा व्यापारी गाडी पाठवणार व्हता, फक्त माल कसा हाय ते इंग्रजीत कळवायचं व्हतं. ते काम गोकुळच्या पोरीकडं, अक्षदाकडं.

"जुना कांदा हाय म्हण," गोकुळ म्हणाला. "साठवणीतला, कोरडा. नव्यापेक्षा जास्त टिकतो."

अक्षदानं मोबाईलात बघितलं. "ओल्ड दिसतंय. पर ओल्ड म्हंजे म्हातारा ना, पप्पा? कांदा काय काठी टेकत चाललाय? त्याच्याखाली स्टेल दिलंय. तेच टाकते."

मी खालून वरडत व्हते, अगं, स्टेल म्हंजे शिळा! दोन्हीबी जुनंच, पर एक टिकलेलं आन् दुसरं उतरलेलं. ओल्ड माणसालाबी चालतं, मालालाबी! कूलरच्या घरघरीत कोण ऐकतंय?

व्यापाऱ्याचं उत्तर आलं. अक्षदानं मोबाईलातच त्याचं मराठी केलं आन् बारीक आवाजात वाचलं, "शिळा माल आमी घेत न्हाई. गाडी रद्द."

"शिळा?" तिची आजी ठकूबाई कडाडली. "कांदा काय कालची भाकर हाय व्हय गं?"

तवा अक्षदानं मला ओढून काढलं. चिकटलेली पानं सोडवत स्टेलखालची ओळ वाचली आन् कपाळाला हात लावला. लगीच फोन केला, पर व्यापाऱ्यानं दुसरीकडचा माल धरला व्हता. बराखीत कोंब फुटाया लागले. शेवटी गोकुळनं मिळंल त्या भावानं मंचरच्या बाजारात कांदा घातला. दोन दिस घरात कुणी नीट जेवलं न्हाई.

चीड येती, राव! हीच माणसं कांदा निवडताना मोठा गोळा येगळा, बारकी गोल्टी येगळी करत्यात. शब्द मात्र सगळे एकाच गोणीत! खालची एक ओळ वाचाया कितीसा येळ लागतो? मित्रांनो, शब्दबी कांद्यावाणी हातात घेऊन दाबून बघा, मंगच गोणीत टाका.

माझी पानं अजून फुगलेलीच हायेत. पर परवा अक्षदानं मला उन्हात वाळत ठेवलं, आन् गोकुळनं कूलरखाली माझ्या जागी वीट सारली.