दप्तरदारांच्या दोन फायली

दप्तरदारांनी चौतीस वर्षं एका मोठ्या कचेरीचं दप्तर सांभाळलं. एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याच्या फायलीत सापडला, की त्यांना जेवण गोड लागत नसे. निवृत्तीनंतर खाती उरली नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःच्या देहाचीच खाती पाडली. झोपेच्या डॉक्टरांची निळी फाईल, हाडांच्या डॉक्टरांची लाल. देवाने माणूस अखंड घडवलाय, हे त्यांना कधी पटलंच नसावं.

जिन्यावरून पडून मणका दबला, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी अफूच्या जातीतली जालीम गोळी लिहिली आणि विचारलं, "आणखी काही औषधं चालू आहेत?"

दप्तरदारांनी लाल फाईल चाळली. "यात काही नाही."

शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, माई, हळूच म्हणाल्या, "अहो, ती झोपेची..."

"ते खातं वेगळं."

फायलींपुढे माघार घ्यायचा माईंना जन्माचा सराव होता.

दुसऱ्या दिवशी रात्रीचं जेवण झाल्यावर दप्तरदार झोपले. पडल्यापासून पहिल्यांदाच उशीसाठी हाक नाही, पंख्यावरून कुरकुर नाही. माईंनी देवाला हात जोडले आणि बहिणीला फोनवर सांगितलं, "अगं, तान्ह्या बाळासारखे झोपलेत."

शेजारची नर्स शिडी परत करायला आली, ती दारातच थबकली.

"माई, काका घोरत नाहीयेत? एरवी भिंतीपलीकडे ऐकू येतं मला."

"आज देवाची कृपा."

नर्सने दप्तरदारांच्या छातीवर हात ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मग त्यांना गदागदा हलवलं. पापणीही हलली नाही.

"मिनिटाला सहा श्वास. ओठ बघा, निळे पडलेत. काय काय घेतलंय यांनी?"

माईंनी धावत दोन्ही फायली आणल्या.

"या दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या?"

"एकदम कुठे? आधी लाल फायलीतली, मग निळीतली."

नर्स हसली नाही. ती रुग्णवाहिकेला फोन लावत होती.

दवाखान्यात एका इंजेक्शनने दप्तरदारांचे डोळे उघडले. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या.

"काका, एक गोळी दुखणं दाबते, दुसरी झोपवते. पण दोघी मिळून मेंदूला असं काही गुंगवतात, की तो श्वास घ्यायचंही विसरतो. आज थोडक्यात वाचलात. आता खरं सांगा, आणखी काही घेता?"

दप्तरदार छताकडे बघू लागले. माईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

"अहो, मला तुम्हाला घरी न्यायचंय. काय असेल ते सांगून टाका."

"खोकल्याचं औषध. रोज दोन चमचे."

माई चाट पडल्या. "त्याची फाईल कुठाय?"

"फाईल नाही. ते खासगी आहे."

"कुणी दिलं?"

"तुझ्या भावाने. त्याचा खोकला गेला, बाटली उरली. तुला सांगू नका म्हणाला."

लपवाछपवीवरचं एक लांबलचक प्रवचन माईंच्या जिभेवर तयार होतं. ते त्यांनी गिळलं.

"त्यातही अफूचाच भाऊबंद असू शकतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाटली आणून दाखवा."

"आणते. आणि तुम्ही हे सगळं एकाच कागदावर लिहा," माई म्हणाल्या. "माझ्या भावाचं नाव तेवढं खाली, बारीक अक्षरात."